दार लोटून घे, वारं लागन

तो जनावरांना ‘तुमी’ म्हणतो आणि माणसांना ‘तू’.

गुरांच्या दवाखान्यात तो पट्टीबंधक होता. सरकारी कागदावर त्याचं काम जखमा बांधायचं. पण डॉक्टर मालेगावहून यायचे तेव्हा यायचे, बाकी सगळा कारभार याचाच. किन्हीराजात आणि आसपासच्या खेड्यांत लोक त्यालाच डॉक्टर म्हणत. गाय अडलेली असो की बैलाचा खांदा सुजलेला, तो आधी समोर उभा राहून हात जोडायचा. ‘‘उठा जी. पाय जरा इकडे टाका. दुखन थोडंसं, माफ करा.’’ आणि त्याच दमात मागे उभ्या सरपंचाला, ‘‘तू सरक बाजूले. उजेड अडवून राह्यला.’’

एकदा तपासणीला जिल्ह्याचे मोठे साहेब आले. यानं त्यांनाही विचारलं, ‘‘चहा घेतं काय तू?’’ साहेबांचा चेहरा लाल झाला. डॉक्टर घाबरून याला कोपराने ढोसायला लागले. हा शांतपणे म्हणाला, ‘‘साहेब, रागावू नोको. मी माह्या मायलेबी तू म्हनतो. जनावर खोटं बोलत नाही, म्हनून त्याले मान. मानसात तसं कोनी भेटलं की त्यालेबी तुमी म्हनीन. तुले येऊन सांगीन.’’

त्याचं नाव मी इथे लिहिणार नाही. ज्या गाण्याची ही गोष्ट आहे, त्यावर त्याने स्वतःच टाकू दिलं नाही, तर मी कोण टाकणार?

काळे गुडघाभर रबरी बूट हा त्याचा बारा महिन्यांचा पोशाख. लग्नात, मयतीत, ग्रामसभेत, सगळीकडे बूट. जयंतीला आमच्या वस्तीत गायन पार्टी उभी राहायची. हार्मोनियमवर हा आणि मागे कोरसला आम्ही पोरी. बाकीचे पांढरे सदरे घालून, आणि मधोमध हा बूट घालून मांडी ठोकलेला. कुणी म्हणायचं, ‘‘अबे, स्टेजवर तरी काढ.’’ तो म्हणायचा, ‘‘मधातच कोनाची म्हैस अडली तं बूट घालत बसू काय?’’

आणि एका वर्षी तसंच झालं. कडव्याच्या मधोमध मांडवाच्या मागून आवाज आला, ‘‘डॉक्टर, चाला लवकर, माही म्हैस पडली!’’ हा सूर तिथेच सोडून उठला आणि गेला. आम्हाला काय करावं कळेना. म्हणून आम्ही तीच ओळ पुन्हा पुन्हा म्हणत राहिलो. ढोलकीवाल्याने दोनदा विडी ओढून घेतली. लोक हसायला लागले, मग कंटाळले, मग तेही आमच्याबरोबर म्हणायला लागले. हा परत आला तेव्हा सदऱ्याला शेण लागलेलं होतं. बसला, भाता ओढला आणि जो शब्द अर्धा सोडला होता त्याच्या उरलेल्या अर्ध्यापासून उचललं. कार्यक्रम संपल्यावर मला म्हणाला, ‘‘तू सूर धरून ठेवला म्हनून वापस याले जागा राह्यली. नाही तं मी कुठी बसलो असतो?’’

मी त्याच्यावर प्रेम करत होते. हे वाक्य मी कुठे बोललेले नाही. आज लिहिताना त्या वाक्याकडेच परक्यासारखं बघते आहे. त्याला ते माहीत होतं. माझ्या वडिलांनाही माहीत होतं. ते एकदा जेवताना मान खाली घालून म्हणाले होते, ‘‘पोट्टं येडं हाय. पन चांगलं हाय. तुह्या मनात असन तं मी बोलतो.’’ पुढे मी वाशीमला डीएड केलं, पुण्यातल्या एका शाळेत नोकरी लागली, तिथेच लग्न झालं. ज्यांना यातलं थोडंफार ठाऊक आहे ते समजतात की घरच्यांनी मोडता घातला असेल. मीही त्यांना तसं समजू दिलं. खरं असं आहे, की मला कुणीही अडवलं नव्हतं.

मागच्या वर्षी एका संध्याकाळी मी मेथी निवडत बसले होते. लेकीने मोबाईल माझ्या कानाशी धरला.

‘‘आई, हे ऐक ना. ट्रेंडिंगला एक नंबर आहे. तुमच्या तिकडच्या भाषेत आहे, तुला आवडेल.’’

गिटारचे थोडे सूर, आणि मग एका तरुण मुलाचा मऊ, जरा घोगरा आवाज.

दार लोटून घे... येतो
वारं लागन... येतो
सांज पडली तरी येतो
दिवा इझला तरी येतो
तुह्यासाठी नाही तं नाही
माह्यासाठी येतो

पानं ताटात आणि काड्या पिशवीत टाकायच्या, ते कधी उलटं झालं मला कळलं नाही.

‘‘आई, काड्यांची भाजी करणार आहेस का?’’ लेक हसली. मग म्हणाली, ‘‘व्हिडिओ बघ. रडशील.’’

व्हिडिओत एक फौजी आहे. सुट्टी संपवून तो गावाहून निघतो. मातीचं घर, दारात पिवळ्या साडीतली मुलगी. तो तिला म्हणतो, दार लोटून घे, वारं लागन, मी येतो. मग रेल्वे, बर्फ, बंदूक. शेवटी ती एकटीच दार लोटून घेते. खाली लोकांनी रडून ठेवलंय. कुणी फौजीला सलाम केलाय, कुणी स्वतःच्या सोडून गेलेल्या मुलाला शिव्या घातल्यात. पुढे कितीतरी आठवडे ते गाणं रेडिओच्या यादीत पहिल्या जागेवरून हललं नाही. रिक्षात तेच, मॉलमध्ये तेच, शाळेच्या गॅदरिंगला सातवीच्या मुलांनी खाकी कपडे घालून त्यावरच नाच बसवला, आणि बक्षीस द्यायला मला उभं केलं. आमचे हे तर दाढी करताना गुणगुणायला लागले. एकदा फेसाळलेल्या तोंडाने त्यांनी विचारलं, ‘‘हे ‘लागन’ म्हणजे काय गं?’’

‘‘लागेल.’’

‘‘मग सरळ लागेल म्हणावं की.’’

मी त्यांच्या हातात टॉवेल दिला. काही न बोलणं हा माझा जुना सराव आहे.

त्या गाण्यात फौजी नाही. आणि त्या गाण्यात बोलणारा एकजणही नाही, दोघं आहेत. ‘दार लोटून घे’ हे एक म्हणतो. ‘येतो’ हे दुसरी म्हणते. ती दुसरी मी.

पुण्या-मुंबईच्या माणसाला हे कळणार नाही, त्यात त्याची चूक नाही. आमच्याकडे बाईसुद्धा ‘येतो’च म्हणते. मी येतो, मी जातो, मी सैपाक करतो. माझी आई म्हणायची, आजी म्हणायची. त्या ‘येतो’त बाप्या शोधायला कुणी जात नाही. त्या गाणाऱ्या पोराने शोधला, कारण त्याच्या मराठीत तो होता. मग ज्याने व्हिडिओ काढला त्याने त्याला गणवेश चढवला.

झालं होतं ते असं. हिवाळ्यातली सकाळ होती. मला पुण्याला जायचं होतं. वाशीमची एसटी फाट्यावर यायला थोडा वेळ होता. रेक्झिनची पिशवी घेऊन मी दवाखान्यात गेले. मनात बरंच काही ठरवलं होतं. मी सुट्टीत येईन, तू बाबांशी बोल, वगैरे. तिथे एक तांबडी गाय अडलेली. वासराचा पाय आत दुमडला होता आणि याचा हात खांद्यापर्यंत गायीच्या पोटात. घामाने निथळलेला. तोंडाने तिला म्हणत होता, ‘‘सोसा जी थोडं. आता होते. आता होते, माय.’’ मधेच गुणगुणत होता, कारण गुणगुणल्याशिवाय त्याचा हात चालत नसे. मी दारात उभी राहिले. मागून गार वारा आत येत होता. त्याने वळून न बघता सांगितलं, ‘‘दार लोटून घे, वारं लागन.’’

वारं लागन, म्हणजे गायीला.

मी म्हटलं, ‘‘येतो.’’

आणि दार लोटून घेतलं. बाहेरून.

एवढंच. बाकीची सांज आणि दिवा त्याने नंतर लावला. माझ्या तोंडचा एकच शब्द त्याच्याजवळ राहिला होता, तो त्याने ओळीओळीला ठेवला.

शाळेत रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात मी स्टाफरूममधून निघताना म्हटलं, ‘‘चला, मी येतो.’’ एक बाई चहाचा कप खाली ठेवून म्हणाल्या, ‘‘अगोबाई! येतो? कोण येतो? तुम्ही मुलगा आहात होय?’’ सगळ्या हसल्या. वाईट मनाने नाही, नुसत्या हसल्या. त्या रात्री खोलीवर मी आरशासमोर उभी राहून म्हटलं, येते. जाते. करते. महिन्याभरात जीभ वळली. मला वाटलं होतं, फक्त बोलणं बदलतंय. पण मग त्याची आठवण आली की तीही स्टाफरूममधून यायला लागली. मी त्याला त्या खोलीत बसवून बघायची. ते बूट. ते ‘तू’. तो मुख्याध्यापकांना ‘चहा घेतं काय तू’ म्हणताना मला ऐकू यायचा आणि माझे कान तापायचे. उन्हाळ्याची सुट्टी आली, मी गेले नाही. दिवाळीची आली, तेव्हा आईबाबांनाच पुण्याला बोलावलं. तिसऱ्या वर्षी लग्न ठरलं. त्याला निरोप पाठवायचं धाडस मला झालं नाही. कुणीतरी सांगेल असं म्हटलं, आणि कुणीतरी सांगितलंच असणार.

आमच्या ह्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. भले गृहस्थ आहेत. हे लिहिलेलं ते वाचतील, आणि ‘लागन’चा अर्थ त्यांना या वेळी पुरता कळेल.

याहून वाईट गोष्ट पुढची आहे. बाबा गेले तेव्हा ते वाशीमला माझ्या भावाकडेच होते. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला गावाकडची बरीच माणसं आली, त्यात हाही आला. बूट घालून. केस पांढरे झालेले. त्याने बाबांच्या फोटोपुढे हात जोडले, मागे जाऊन भिंतीशी बसला. मी बायकांच्या घोळक्यात शिरले. पण निघताना तो थेट आमच्यासमोर आला. ह्यांनी खुर्ची पुढे केली, ‘‘बसा ना आपण.’’ हा म्हणाला, ‘‘नाही, तूच बस. तू थकला असशीन.’’ ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, ‘‘हे आमच्या गावात गुरांना बघायचे.’’ एवढ्यावर थांबले असते तर चाललं असतं. तो चार पावलं गेल्यावर ह्यांनी हळूच विचारलं, ‘‘कसं बोलतो हा माणूस?’’ आणि मी म्हणाले, ‘‘सोडा हो, चक्रम आहे जरा.’’

मी ते फार हळू म्हटलं होतं असं मला वाटत आलं आहे.

तर त्या मेथीच्या संध्याकाळनंतर मी वहिनीला फोन केला. ती माहेरची किन्हीराजाचीच, तिच्या भावाचं घर अजून तिथे आहे. इकडचं तिकडचं बोलून मी विचारलं, ‘‘ते गाणं ऐकलं का गं?’’

‘‘आइकलं म्हंजे? ताई, ते आपल्या डॉक्टरचं हाय ना!’’ तिचा आवाज एकदम उंच झाला. ‘‘तुमाले मालूम नाही? अवो, तो गानारा पोट्टा वाशीमले कॉलेजच्या प्रोग्रामले आलता. वापस जाताना फाट्यावर गाडी अडली. रोडच्या मधात गाय पडेल, आन् हा बुवा तिच्यापाशी बसून गानं म्हनून राह्यला. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला तं याने त्याले सांगतलं, तू हॉर्न नोको वाजवू, त्यायले झोप लागून राह्यली. त्यायले म्हंजे गाईले! तो पोट्टा गाडीतून उतरला आन् तथीच बसला. मंग दोनदा आला घरी. कागद आनला, सही घेतली, कवी म्हनून नाव टाकतो म्हने. हा म्हनते, पारंपरिक लिव्ह.’’

‘‘पारंपरिक?’’

‘‘हो ना बापा. आमी लय समजावलं. माहा भाऊ म्हने, अबे, जितेपनी पारंपरिक कोन होते? तं म्हनते, मी झालो ना.’’

मी हसले. मग वहिनी म्हणाली, ‘‘तसा येडाच तो. त्याच्या घरी गेलं की निंगताना ‘येतो’ म्हनू देत नाही. ‘जातो’ म्हनाच लागते.’’

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

‘‘म्हणजे?’’

‘‘आपन नाही काय म्हनत, बरं येतो? तसं म्हटलं की हा दारात आडवा. ‘जाऊन राह्यला ना? मंग जातो म्हन. साऱ्या गावानं येतो म्हनून जाची सवय लावून घेतली.’ लोकायले कसंतरीच वाटते. कोनी म्हनते काय असं, घरातून निंगताना? एकडाव याच्या पुतनीले पाहाले पाव्हने आलते, त्या पोराच्या मायले म्हने, जातो म्हन. ते बाई अशी भडकली, सोयरीकच मोडली! आन् रिटायर झाला तवा सत्कार होता. नव्या डॉक्टरीनबाईनं भाषन केलं, आखरीले म्हने, बरं, येते मी. तं यानं माईक ओढला तिच्याजवळून. आता बोला!’’

‘‘कधीपासून करतो असं?’’

‘‘लय वर्सं झाले. माह्या लग्नाच्या आंधीपासून,’’ वहिनी म्हणाली. मग आवाज खाली आणून, ‘‘तुमाले कायले पाह्यजे, ताई?’’

‘‘असंच,’’ मी म्हटलं.

त्यानंतर मी ते गाणं ऐकणं बंद केलं. म्हणजे आपणहून लावणं बंद केलं, बाकी ते भिंतीतूनही यायचं. आपण गेलो नाही याची टोचणी मी इतकी वर्षं बाळगली होती. पण त्या एका शब्दाने त्याच्या दाराशी काय केलं ते मला माहीत नव्हतं. तो शब्द तिथे उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला अडवत होता आणि मी इकडे ‘येते, जाते’ करत होते. मनाशी ठरवलं, एकदा जायचं. त्याच्या दारात उभं राहायचं आणि निघताना त्याला जे ऐकायचं आहे ते म्हणायचं. जातो. ज्या दिवशी म्हणायला हवं होतं त्या दिवशी नाही म्हटलं, आता म्हणायचं. म्हणजे तो सुटेल. मीही सुटेन, हेही मनात होतं; ते लपवत नाही.

मागच्या महिन्यात भावाकडे म्हणून वाशीमला गेले. मालेगावपर्यंत एसटी आणि पुढे शेअर रिक्षा. रिक्षात अर्थात तेच गाणं. शेजारी बसलेली बाई भाजीची टोपली मांडीवर घेऊन ऐकत होती. ‘वारं लागन’ आलं तशी ती उसासून म्हणाली, ‘‘येतो म्हनून गेला मेला, आन् आलाच नाही.’’

रिक्षावाला म्हणाला, ‘‘मावशी, शहीद झाला तो.’’

‘‘झाला असन. पन येतो म्हनाचं कायले मंग? ते पोट्टी बसली ना दारात.’’

‘‘देशासाठी गेलता ना.’’

‘‘देशासाठी गेलता तं तसं सांगाव. येतो म्हटलं की मानूस वाट पाह्यते.’’ आणि मग माझ्याकडे वळून, ‘‘नाही काय वो बाई?’’

मी म्हटलं, ‘‘हो.’’

त्याचं घर गावाच्या कडेला, जुन्या दवाखान्याच्या पलीकडे. अंगणाचं दार उघडंच होतं. अंगणात एक तांबडी गाय बसलेली आणि हा तिच्या पायाला काहीतरी चोळत होता. बूट तेच, म्हणजे दुसरे असतील, पण तेच. सावली पडली तसं त्याने वर पाहिलं. ओळखायला त्याला क्षणही लागला नाही. हात लुंगीला पुसत उठला आणि म्हणाला, ‘‘या जी. बसा.’’

आयुष्यात मला कुणाच्या ‘तू’ची इतकी आस लागली नव्हती. ज्याने आईला ‘तू’ म्हटलं, साहेबाला ‘तू’ म्हटलं, माझ्या नवऱ्याला ‘तू’ म्हटलं, त्याने मला त्या गायीच्या रांगेत नेऊन बसवलं.

‘‘मले तुमी म्हनता?’’ मी विचारलं. वाक्य तोंडातून पडल्यावर कळलं की ते गावाकडचं होतं.

‘‘पुन्याची पाव्हनी,’’ तो म्हणाला. ‘‘मान देला पाह्यजे.’’

त्याने चहा केला. दूध जास्त, साखर त्याहून जास्त. पेला माझ्या हातात देऊन तो गायीजवळ जाऊन बसला. मी दोन घोट घेतले. मग मी म्हटलं, ‘‘गाणं ऐकलं.’’

‘‘कोनतं?’’

‘‘सगळी दुनिया ऐकते ते.’’

‘‘हां. पोट्ट्यानं चांगलं म्हटलं. गळा हाय त्याले. पन ते ‘वारं लागन’ त्यानं लय लांबवलं.’’ तो गंभीरपणे म्हणाला. ‘‘येवढं वारं लागल्यावर गाय जगली असती काय?’’

मला हसू आलं, आणि हसता हसता ते दुसरंच काही व्हायला लागलं. त्याने नजर गायीकडे वळवली. माझ्याकडे न बघण्याचं काम त्याला नेहमीच चांगलं जमतं.

‘‘त्या दिवशी,’’ मी डोळे पुसत विचारलं, ‘‘वासरू झालं का?’’

‘‘झालं ना. कालवड. तुमी गेल्या आन् घडीभरानं झाली.’’ त्याने त्या तांबड्या गायीच्या मानेवर हात ठेवला. ‘‘तिची पोट्टी, तिच्या पोट्टीची पोट्टी, असं करत करत ह्या. ह्यायच्या आंगावर तोच रंग आला.’’

मग मी बोलले. जे सांगायला गेले होते ते नाही, दुसरंच आधी आलं. ‘‘बाबांच्या वेळी मी तुम्हाला चक्रम म्हटलं होतं.’’

‘‘आइकलं होतं मी.’’

‘‘ऐकलं होतं?’’

‘‘कान चांगले हायेत माहे. खोटं होय काय पन?’’

‘‘मला कुणी अडवलं नव्हतं,’’ मी म्हटलं. ‘‘बाबा तर तयार होते. मीच आले नाही.’’

‘‘मालूम हाय.’’ तो पुन्हा पाय चोळायला लागला. ‘‘तुमचे बाबा येत होते माह्यापाशी. बसत होते इथी. काही बोलत नव्हते. चहा घेऊन जात होते.’’

‘‘मग गाण्यावर नाव का नाही टाकू दिलं? ते तुमचं आहे.’’

‘‘नाव टाकलं की लोक इचारतीन, हे ‘येतो’ म्हननारी कोन? गावात म्हाताऱ्या हायेत अजून, त्यायले उलगडाले येळ लागत नाही.’’ तो हसला. ‘‘आता सारे त्या फौजीले शिव्या देतात. देऊ दे. फौजी खपवून घेते.’’

चहा गार झाला होता, तरी मी तो संपवला. परतीच्या रिक्षाची वेळ झाली. मी उठले, पदर सारखा केला. तो गायीचं दावं हातात धरून उभा राहिला. दाराशी येऊन मी वळले. हे वाक्य मी पुण्यापासून घोकत आणलं होतं, आरशासमोर ‘येते’ घोकलं होतं तसंच.

‘‘बरं,’’ मी म्हटलं. ‘‘जातो.’’

त्याने दावं सोडलं. इतकी वर्षं ज्याने गावाला, पाव्हण्यांना, साहेबांना हाच शब्द म्हणायला लावला, त्याच्या तोंडावरचा रंग उतरला. लहान मुलाने काहीतरी अभद्र बोलावं आणि मोठ्याने दचकून त्याच्या तोंडावर हात ठेवावा, तसा त्याचा हात अर्धवट वर आला.

‘‘असं म्हनू नये,’’ तो म्हणाला. ‘‘येतो म्हन.’’

म्हन. म्हना नाही.

 तो पाठ वळवून गायीजवळ गेला, खाली बसला, तिचा पाय मांडीवर घेतला. आणि तेव्हासारखंच, वळून न बघता म्हणाला, ‘‘दार लोटून घे.’’

‘‘येतो,’’ मी म्हटलं.

दार मी उघडंच ठेवलं. वारं नव्हतं.